नाडीपरीक्षा

किल्ली फिरवली की आधी खाकरते,
मग मागून एक लोट सोडते,
आणि समोर लिओना काझ्मारेकच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो.
आज तिसरा दिवस.

ईरी, पेनसिल्व्हेनिया. पारा शून्याखाली नऊ.
सरोवरावरून आलेला बर्फ बॉनेटवर वीतभर.
ब्युइक एकतीस वर्षांची,
दोन लाख बारा हजार मैल,
आणि मला सातच्या आत रक्ताच्या नळ्यांपुढे बसायचंय.

लिओना येते ती पायजम्यावर नवऱ्याचा कोट चढवून.
अडतीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काढली तिनं.
"बंद कर," म्हणते. "उद्या माझ्यासमोर सुरू करायची.
गरम गाडी खोटं बोलते."

दुसऱ्या पहाटे पिझ्झाच्या खोक्याचं झाकण
पांढरी बाजू पुढे करून
ती एक्झॉस्टमागे उकिडवी.
आरशात तिचं डोकं धुरात जातं, परत येतं.

पांढरा असता आणि विरला असता
तर नुसती वाफ,
आत्ता आपल्या दोघींच्या तोंडातून निघतेय तशी.
पांढरा राहिला, गोडसर वास आला,
तर कूलंट जळतंय, तर गॅस्केट,
तर घोड्यापेक्षा नाल महाग.
काळा म्हणजे खादाडपणा, पेट्रोल जास्त, हवा कमी.
मी माना डोलावते.
माझंही पोट रंगांवरच चालतं,
पिवळंजर्द सीरम, कोऱ्या चहासारखी लघवी;
फक्त ज्याची त्याचा चेहरा मला कधी दिसत नाही.

"निळा." ती पुठ्ठा नाकाशी नेते.
"ऑइल. पण बघ, मिनिटभरात थांबला."

ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवून बघते:
साय धरलेली नाही. बरं.
मग मला स्टेट स्ट्रीटच्या उतारावर नेते, पाण्याच्या दिशेनं.
पाय उचल. उचललेलाच ठेव. आता दाब!
मागे निळी शेपटी.

संध्याकाळी चौथ्या सिलिंडरचा प्लग काळा, ओलसर.
"व्हॉल्व्हचे सील. रबर कडक झालं.
रात्रभर उभी असते ना,
वरचं ऑइल थेंब थेंब खाली उतरतं.
चालती असली की कळत नाही."

मी काही बोलत नाही.
मला माझे रविवार आठवतात.

दोरी हवी, म्हणते. प्लगच्या भोकातून आत भरायची,
पिस्टन वर आणला की ती व्हॉल्व्हला खालून धरते,
नाहीतर स्प्रिंग काढताच व्हॉल्व्ह आत पडायचा.
तिच्याकडची कपडे वाळत घालायची दोरी
जाड, वर थंडीनं काठीसारखी ताठ.
मी घरी जाते. बॅगेच्या तळाशी
धुळ्याच्या मावशीनं कोंबलेली नाडीची गुंडी,
पांढरी, सुती, कागदाची पट्टीसुद्धा न सुटलेली.
तिकडे मिळायची नाही, म्हणाली होती.

लिओना ती बोटांत चोळते. "हे कशासाठी असतं?"
कंबरेसाठी, म्हणते मी.
हसता हसता तिला खोकल्याची उबळ येते.

टोकाला गाठ मारून
हात हात नाडी इंजिनात जाते.
मागची तीन सिलिंडर पत्र्याला टेकून, तिथे नजर पोचत नाही.
ती कोपरापर्यंत हात घालते,
डोळे मिटते, तोंड जरासं उघडं.
मी टॉर्च धरून उभी, उगाचच.
"सापडलं," म्हणते. "नाही. थांब."

असे दोन शनिवार.

सोमवारी पुन्हा पुठ्ठा.
मी किल्ली फिरवते, खाकरते, बस्स.
एका कोपऱ्यात तेलकट डाग दिसतो, माझ्या पोटात गोळा.
ती वाकून वास घेते.
"चीजचा," म्हणते, आणि आत निघून जाते.

आता पावणेसहाला तिचा दिवा लागत नाही.
गाडी तापेपर्यंत मी समोरच्या काळ्या खिडकीकडे बघत बसते.
नाडी तिच्याकडेच राहिली.
मागितली तर म्हणाली, असू दे,
गल्लीत आणखी दोघांच्या गाड्या निळं ओकतायत.